डीबगर सर्व्हर बंद होताना नोड कोसळत नाही ना, हे कसं तपासायचं

पहिल्यांदा ही टेस्ट मी लिहिली तेव्हा ती महिनाभर हिरवीगार (म्हणजे पास) होती, आणि नंतर कळलं की ती काहीच तपासत नव्हती. मी काय करत होते, तर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) डीबगरसकट (चुका शोधायचं साधन) चालू करायचा, जोडायचं, आणि मग सिगकिल (प्रोसेसला तडकाफडकी मारणारा सिग्नल) मारून प्रोसेस संपली का बघायचं. संपायचीच ना, सिगकिलने काय नाही संपत! आवराआवरीचा जो कोड तपासायचा होता त्याच्या एका ओळीलाही हात लागत नव्हता. सिगटर्म ह्या "संप" सांगणाऱ्या सिग्नलचंही नोडमध्ये तसंच, तुम्ही स्वतः हँडलर (सिग्नल हाताळणारा कोड) लावला नसेल तर टर्मिनल जागेवर आणून प्रोसेस त्याच सिग्नलने मरते, डीबगर नीट मिटवण्याच्या भानगडीत पडत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगते, इथे प्रश्न "बंद झालं का" हा नाहीये, "कसं बंद झालं" हा आहे, आणि तेही कोणीतरी जोडलेलं असताना, बोलणं अर्धवट असताना.

(कमांड आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलवर ती नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांतच टाकायची.)

आधी थोडं आतलं. नोड --इन्स्पेक्ट देऊन चालवला की तो १२७.०.०.१ वर ९२२९ पोर्ट उघडतो आणि एररच्या स्ट्रीमवर "डीबगर लिसनिंग ऑन" अशी ओळ छापतो, पुढे वेबसॉकेटचा (दोन्ही बाजूंनी बोलता येणारं कनेक्शन) पत्ता आणि शेवटी लांबलचक यूयूआयडी, म्हणजे एक ओळख-क्रमांक. हा सर्व्हर मुख्य थ्रेडवर (थ्रेड म्हणजे एकाच प्रोसेसमधली समांतर कामाची धार) चालत नाही, त्याला स्वतःचा वेगळा थ्रेड आणि वेगळा इव्हेंट लूप (आलेल्या घटना एकेक करून हाताळणारं चक्र) असतो. तो असावाच लागतो, कारण मुख्य थ्रेड ब्रेकपॉइंटवर (डीबगरने थांबायला सांगितलेल्या ओळीवर) थांबलेला असताना "चल पुढे" हा निरोप घ्यायला कोणीतरी जागं पाहिजे. आणि बंद करतानाची सगळी डोकेदुखी ह्याच्यातूनच येते, घर एक आणि कारभारी दोन.

आमच्याकडे मालवणात गणपती झाले की चाकरमानी घर बंद करून मुंबईला निघतात ते आठवा. पंप बंद, गॅस बंद, मागचं दार लावलं, पुढच्या दाराला कुलूप, सगळे गाडीत बसले आणि काकी अजून मागे विहिरीवर. हाक मारली म्हणजे सगळे बाहेर आले असं नसतं, शेवटचा माणूस "आलो" म्हणेपर्यंत कुलूप लावायचं नसतं. नोडच्या खाली जी लिबयूव्ही लायब्ररी आहे तिथे अगदी हेच आहे. यूव्ही_क्लोज म्हणजे नुसती हाक. सॉकेटचं (कनेक्शनच्या टोकाचं) हँडल खरंखुरं मिटलं हे त्याचा क्लोज कॉलबॅक, म्हणजे काम झाल्यावर येणारी "आलो" ची हाक, आला की कळतं, आणि मेमरी त्याच्यानंतरच सोडायची. आधीच सोडली तर मिटलेल्या घरात कोणीतरी वावरतंय, म्हणजे सेगफॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावून प्रोसेस कोसळणं). आणि हँडल उघडी असताना लूप बंद करायला गेलात तर यूव्ही_लूप_क्लोज ईबिझी (अजून काम चालू आहे असा एरर) परत देतं, त्यावर कोणी कडक तपासणी लावली असेल तर प्रोसेस स्वतःच अबॉर्ट होते. आपल्याला पकडायचेत ते हे दोन प्रकार, आणि तिसरा म्हणजे कोणीच मरत नाही, सगळे एकमेकांची वाट बघत टांगून राहतात.

आता बांधणी. दोन फायली, एक पालक स्क्रिप्ट, एक पोरगं (पालकाने चालू केलेली दुसरी प्रोसेस). पालक स्पॉनने पोराला चालू करतो, आणि तिथे "नोड" असं नुसतं नाव नाही द्यायचं, प्रोसेस.एक्झेकपाथ (आत्ता चालू असलेल्या नोडचाच पूर्ण पत्ता) द्यायचं, नाहीतर मशीनवर दोन नोड असतील तर तुम्ही एक बिल्ड केलाय आणि टेस्ट दुसऱ्याची चाललीय असा मजेशीर प्रकार होतो. फ्लॅग --इन्स्पेक्ट=० द्या. शून्य दिलं की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट देते, त्यामुळे दहा टेस्ट एकदम चालवल्या तरी ९२२९ वरून भांडण होत नाही. आणि पोराला द्यायच्या एन्व्हायर्नमेंटमधून नोड_ऑप्शन्स काढून टाका, व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये ऑटो अटॅच चालू असेल तर ते व्हेरिएबल गुपचूप आत जातं आणि तुमच्या पोराला तिसराच कोणीतरी येऊन चिकटतो.

पोर्ट शून्य दिलाय म्हणजे खरा पत्ता त्या छापलेल्या ओळीतूनच घ्यावा लागणार. इथे बहुतेक जण पहिला डेटा इव्हेंट आला की लगेच रेगेक्स (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) मारतात आणि मग शंभरात एकदा टेस्ट पडते, कारण ती ओळ दोन तुकड्यांत आलेली असते, यूयूआयडी अर्धा पहिल्या तुकड्यात, अर्धा दुसऱ्यात. आलेलं सगळं एका स्ट्रिंगमध्ये साठवत जा, ओळ पूर्ण होऊन न्यूलाइन दिसली की मगच पत्ता काढा. ही साठवलेली स्ट्रिंग टाकू नका, शेवटी लागणार आहे. पत्त्यात १२७.०.०.१ आहे तो तसाच वापरा, हौसेने लोकलहोस्ट लिहू नका, नोड १७ पासून लोकलहोस्टचं उत्तर सिस्टिम देईल त्याच क्रमाने घेतलं जातं, ते आयपीव्ही६ निघालं की तिथे कोणी ऐकत नसतं आणि तुम्ही तासभर फायरवॉलला शिव्या घालता.

पोराशी बोलायला मी आयपीसी चॅनल (दोन प्रोसेसमधली बोलायची वाट) ठेवते, म्हणजे स्टडआयओच्या (पोराच्या इनपुट-आउटपुटच्या) यादीत चौथा आयपीसी. पोरगं तयार झालं की प्रोसेस.सेंडने "तयार" म्हणतं, पालक "संप" म्हणतो. पण लक्षात ठेवा, पोरामध्ये मेसेजचा लिसनर लावलेला आणि चॅनल उघडा असेल तर पोरगं आपणहून संपतच नाही. "संप" आलं की पोराने प्रोसेस.डिस्कनेक्ट करायचं, नाहीतर टांगलं ते डीबगरमुळे की तुमच्या चॅनलमुळे ते कळणार नाही. ह्याच्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय.

क्लायंट काही मोठा लागत नाही. नोड २२ पासून वेबसॉकेट क्लायंट आतच मिळतो, जुन्यावर असाल तर डब्ल्यूएस पॅकेज घ्या. जोडलं की आयडी १ लावून रनटाइम.एनेबल ही डीबगरची आज्ञा पाठवा आणि आयडी १ चं उत्तर येईपर्यंत थांबा. नुसतं "ओपन" झालं म्हणजे सेशन लागलं असं धरू नका, उत्तर आलं म्हणजे मुख्य थ्रेड आणि डीबगरचा थ्रेड दोघं खरोखर बोललेत, आता बंद करण्यात काहीतरी अर्थ आहे. आणि कुठेही "५०० मिलिसेकंद थांब" असलं लिहू नका. आमच्याकडे जुलैमध्ये वारा सुटला की लाईट जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, प्रोसेसर पेंगायला लागतो आणि सकाळी पास होणारी टेस्ट दुपारी पडते. थांबायचं ते घटनेसाठी, घड्याळासाठी नाही. बाकी राउटर बंद पडला तरी ही टेस्ट चालते, सगळं लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या आतल्या आत आहे, पावसाळ्यातलं काम म्हणून एकदम झकास.

आता मुख्य भाग, बंद करायचे प्रकार. एकच प्रकार तपासून समाधान मानू नका, प्रत्येक रस्ता वेगळ्या कोडातून जातो.

सगळ्यात साधा, क्लायंट जोडलेला आहे आणि पोराचं काम संपलं. नोड इथे लगेच जात नाही, "वेटिंग फॉर द डीबगर टू डिस्कनेक्ट" असं एररच्या स्ट्रीमवर छापून थांबतो. हा क्रॅश नाही, टांगणंही नाही, ठरवून ठेवलेलं वागणं आहे. पालकाने ती ओळ दिसेपर्यंत थांबायचं, मग सॉकेट बंद करायचं, आणि पोरगं शून्य कोडने संपलं पाहिजे. हेच परत एकदा करा पण पोराकडून प्रोसेस.एक्झिट कॉल करवून, आणि तिसऱ्यांदा करा ते क्लायंटलाच उडवून. त्यासाठी क्लायंट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा आणि त्या प्रोसेसला सिगकिल द्या. इथे सिगकिल बरोबर आहे, कारण आपल्याला निरोप न घेता गेलेला पाहुणा हवाय, वेबसॉकेटचा क्लोज फ्रेम न पाठवता गायब झालेला. पोराने त्याच्या नावाने रडत न बसता आपलं आवरून जायला हवं.

दुसरा, पोराने स्वतःच इन्स्पेक्टर.क्लोज (डीबगर सर्व्हर बंद करायचा कॉल) करायचं. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की हा कॉल उरलेली सगळी कनेक्शन बंद करायला बघतो आणि ती बंद होईपर्यंत इव्हेंट लूप अडवून धरतो. म्हणजे क्लायंटच्या बाजूला क्लोज इव्हेंट आला पाहिजे, आणि पोरात त्यानंतर इन्स्पेक्टर.यूआरएल अनडिफाइन्ड आला पाहिजे. इथेच न थांबता परत इन्स्पेक्टर.ओपन करा पोर्ट शून्यावर, परत जोडा, परत क्लोज, असं पन्नासदा. एकदा बंद करताना जे अर्धवट राहतं ते पहिल्या फेरीत दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या उघडण्यात पायात येतं. मी हे चालवत बसले होते पडवीत तेव्हा बाबा येऊन थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, चालू, बंद, चालू, बंद, आणि म्हणाले, "गो बाय, किती वेळा बंद करतलंस त्येका?" हजार वेळा, म्हटलं. ते परत सुपारी कातरायला गेले.

तिसरा माझा आवडता, अर्धवट हँडशेक (जोडणी जुळवायची सुरुवातीची देवाणघेवाण). साधा टीसीपी सॉकेट उघडा आणि एचटीटीपी अपग्रेडच्या विनंतीच्या पहिल्या दोन ओळी पाठवून गप्प बसा. ना पूर्ण सेशन, ना काहीच नाही, उंबऱ्यावर एक पाय आत एक पाय बाहेर असा पाहुणा. सर्व्हरने कनेक्शन घेतलेलं आहे, त्याच्यासाठी मेमरी काढलेली आहे, पण सेशनच्या हिशोबात तो अजून धड बसलेला नाही. आता पोराला संपायला सांगा. बंद करणारा कोड लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर नेहमी नीट जोडलेला क्लायंट असतो, त्यामुळे असल्या ठिकाणी ढेकूण (म्हणजे बग) सापडायची शक्यता जास्त. ह्याच्यात दोन उपप्रकार करा, एक जिथे विनंती अर्धी आहे, आणि एक जिथे विनंती पूर्ण पाठवून उत्तर न वाचताच सॉकेट तोडलंय.

चौथा, थांबलेला प्रोग्रॅम. --इन्स्पेक्ट-बीआरके=० ने चालू करा, डीबगर.एनेबल, मग रनटाइम.रनइफवेटिंगफॉरडीबगर, आणि डीबगर.पॉज्ड हा इव्हेंट आला की क्लायंट तोडा. प्रोग्रॅम पहिल्या ओळीवर थांबलाय, त्याला पुढे ढकलणारा गेला, तर त्याने आपणहून पुढे सरकून काम संपवून शून्याने बाहेर पडलं पाहिजे.

पाचवा, सिगयूझर१. चालू असलेल्या नोडला हा सिग्नल दिला की डीबगर सर्व्हर उभा राहतो (विंडोजवर हा सिग्नल नाही, तिथे ही टेस्ट वगळा). आपल्याला हवी ती गंमत म्हणजे सिग्नल द्यायचा आणि त्याच क्षणी "संप" पाठवायचं, म्हणजे एक जण दुकान उघडतोय आणि दुसरा शटर ओढतोय. पण सिग्नल पोरगं पूर्ण उठायच्या आधी पोचला तर नोडने अजून हँडलर लावलेला नसतो, आणि सिगयूझर१ चं मूळ वागणं प्रोसेस मारणं हेच आहे, तुम्हाला वाटेल बग सापडला. म्हणून "तयार" हा निरोप आल्याशिवाय सिग्नल नाही.

वर्कर थ्रेड (मुख्य थ्रेडच्या शेजारी चालणारे नोडचे जादा थ्रेड) वापरत असाल तर नोडवर्कर.एनेबल करून वर्करवरही डीबगर लावा आणि मुख्य थ्रेड संपवा. इथे आता कारभारी तीन. फार लिहीत नाही, वरच्या सगळ्या प्रकारांना एकेक वर्कर जोडून परत चालवा, एवढंच.

बरं, हे सगळं झाल्यावर तपासायचं काय आणि कुठे. पोराचा "एक्झिट" इव्हेंट नको, "क्लोज" घ्या, एक्झिट आला तरी एररच्या स्ट्रीममधलं शेवटचं वाक्य यायचं बाकी असू शकतं आणि असर्शनचा (कोडातली कडक तपासणी फसल्याचा) मजकूर नेमका तिथेच असतो. इव्हेंटमध्ये दोन गोष्टी मिळतात, कोड आणि सिग्नल. दोन्ही तपासायच्या, कोड बरोब्बर शून्य आणि सिग्नल नल. "कोड १ नसला म्हणजे झालं" असली तपासणी मी लोकांच्या कोडात बघितलीय, आणि ती सेगफॉल्टला आनंदाने पास करते, कारण सिग्नलने मेलेल्या पोराचा कोड असतो नल, आणि नल म्हणजे काही १ नव्हे. मध्ये शेल असेल तर आकडे वेगळे दिसतात, तिथे १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवायचा, म्हणून सेगफॉल्ट १३९ आणि अबॉर्ट १३४. १३७ दिसला तर तो सिगकिल, म्हणजे बहुधा तुमच्याच टाइमआउटने मारलंय. विंडोजवर ३२२१२२५४७७ असा राक्षसी आकडा आला तर घाबरू नका, तो ॲक्सेस व्हायोलेशन आहे, म्हणजे आपला सेगफॉल्टच. त्याशिवाय साठवलेल्या स्ट्रिंगमध्ये "असर्शन" किंवा "फेटल" शब्द नाहीत ना बघा, आणि शेवटी त्याच पोर्टला परत जोडून बघा, कनेक्शन रिफ्यूज्ड यायला हवं.

टाइमआउट लावा पण त्याला क्रॅशच्या खात्यात टाकू नका. टांगणं वेगळा आजार, औषध वेगळं. मी टाइमआउट झाला की मारायच्या आधी जीडीबी हा डीबगर पोराच्या पिडवर (प्रोसेसच्या नंबरवर) लावून "थ्रेड अप्लाय ऑल बीटी" (प्रत्येक थ्रेड कुठे थांबलाय ते दाखवणारी आज्ञा) ची छापील प्रत काढून ठेवते. त्यात दोन थ्रेड एकमेकांसाठी थांबलेले सरळ दिसतात. आधी मारलं आणि मग विचार करत बसलात तर हाती काही नाही.

आणि मग टेस्टचीच टेस्ट, जी मी पहिल्या वेळी केली नाही. पोराच्या शेवटच्या ओळीत प्रोसेस.अबॉर्ट टाका. टेस्ट लाल झाली पाहिजे, आणि निरोपात सिगअबॉर्ट दिसलं पाहिजे. मग पोराला अनंत लूपमध्ये टाका, "टांगला" आलं पाहिजे. हे दोन्ही बघितल्याशिवाय हिरव्यावर विश्वास नको.

एकदा पास झालं म्हणजे काहीच झालेलं नाही हे वेगळं सांगायला नको. ह्या सगळ्या शर्यती आहेत, थ्रेड कोण आधी पोचतो त्याच्या. हजार फेऱ्या लावा, आणि नुसत्या फेऱ्या नाही, परिस्थिती हलवत राहा. "संप" पाठवायच्या आधी शून्य ते वीस मिलिसेकंदांत काहीतरी रँडम उशीर घाला (मगाशी "५०० मिलिसेकंद थांब" लिहू नका म्हटलं ते वाट बघण्याबद्दल, हा उशीर वेळ बिघडवण्यासाठी आहे, फरक आहे), आणि रँडमचा सीड (ज्यावरून तेच रँडम आकडे परत मिळतात तो आकडा) छापा, नाहीतर ७३१व्या फेरीत पडलेलं परत कधीच पाडता येणार नाही. एकदा टास्कसेटने (प्रोसेस कुठल्या कोअरवर चालवायची ते ठरवणारी लिनक्सची कमांड) सगळं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर कोंबून चालवा, एकदा कोअरच्या तिप्पट पोरं एकदम सोडून. थ्रेडना धक्काबुक्की झाली की लपलेलं बाहेर येतं. तुम्ही नोडच्याच सोर्समध्ये काम करत असाल तर तिथल्या टेस्ट.पीवाय ह्या स्क्रिप्टला --रिपीट आहेच, वेगळा लूप लिहू नका.

क्रॅश मिळाला की कोर फाइल (कोसळताना घेतलेली मेमरीची नक्कल) लागते, म्हणून आधीच यूलिमिट -सी अनलिमिटेड करून ठेवा, सिस्टमडीवाल्या लिनक्सवर कोरडम्पसीटीएल सगळं जमवून ठेवतं. पण सोडल्यावर परत वापरलेल्या मेमरीच्या बाबतीत कोर बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी बोट दाखवतो, कारण मेमरी सोडली एकीकडे आणि आपटलं तिसरीकडे. तिथे ॲड्रेस सॅनिटायझरचा बिल्ड लावायचा, नोडच्या कॉन्फिगरला --एनेबल-एसॅन द्या. तो सरळ सांगतो की ही मेमरी कोणी काढली, कोणी सोडली आणि नंतर कोणी हात लावला, तिन्ही स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) समोर. बिल्डला मात्र वेळ लागतो, लॅपटॉप इस्त्रीसारखा तापतो, रात्री लावून झोपा आणि इन्व्हर्टरचं पाणी आधी बघून घ्या. सॅनिटायझरखाली सगळं हळू चालतं, तेव्हा टाइमआउटही वाढवायला विसरू नका, नाहीतर सकाळी हजारच्या हजार "टांगला".

आणि पालक स्क्रिप्ट मध्येच कंट्रोल-सीने तोडलीत किंवा ती स्वतःच पडली, तर डिस्कनेक्टची वाट बघणारी पोरं मागे राहू शकतात. पीग्रेपने (चालू प्रोसेस शोधणारी कमांड) "इन्स्पेक्ट" शोधून ती साफ करा, परवा माझ्याकडे एकशेचाळीस निघाली, आणि मी दुपारभर पंखा का घोंघावतोय म्हणून व्होल्टेजला दोष देत होते.